हा हेडर कोण वाचणार? कर्नल बांधताना हेडर फाइलींची मांडणी

साधा सी प्रोग्रॅम लिहिताना स्टडआयओ.एच हा हेडर, म्हणजे फंक्शन आणि टाइप जाहीर करणारी फाइल, मागितला की मिळतो. तो डिस्कवर कुठे आहे, कुठल्या सिस्टिमसाठी लिहिला आहे, याची चौकशी कोणी करत नाही. कर्नल, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा, बांधताना ही चौकशी टाळता येत नाही. कर्नलच्या खाली दुसरी ऑपरेटिंग सिस्टिम नसते, आणि ज्या मशीनवर कंपायलर चालतोय तिथले हेडर आपल्या कामाचे नसतात. शिवाय कर्नलच्या हेडरला वाचक अनेक: सी फाइली, असेंब्ली फाइली, पुढे लिहिले जाणारे यूजर प्रोग्रॅम, आणि ज्याच्यासाठी टेबलं मांडून ठेवायची तो प्रोसेसर. बहुतेक घोळ या वाचकांची सरमिसळ झाल्यामुळे होतात. म्हणून नवीन हेडर उघडण्याआधी विचारायचं, हा कोण वाचणार?

खालची उदाहरणं एक्स८६ वर चालणाऱ्या, सीमध्ये लिहिलेल्या छोट्या कर्नलची आहेत. कंपायलर जीसीसी धरला आहे. मोठ्या आकाराचे प्रश्न येतात तिथे लिनक्सकडे पाहिलं आहे. फाइलींची आणि पर्यायांची नावं उच्चाराप्रमाणे दिली आहेत.

पायरी १: यजमान मशीनचे हेडर दाराबाहेर ठेवा

आपल्या लिनक्स मशीनवरचा रोजचा जीसीसी कर्नलसाठी वापरला तर बऱ्याचदा बिल्ड होतं, आणि म्हणूनच तो धोक्याचा. तो __लिनक्स__ हा मॅक्रो आपणहून ठरवून ठेवतो आणि /यूएसआर/इन्क्लूड मध्ये शोधायला जातो. समजा तुम्ही स्ट्रिंग.एच अजून लिहिलाच नाही. कंपायलर तक्रार करत नाही. तो ग्लिबसीचा, म्हणजे लिनक्सवरच्या नेहमीच्या सी लायब्ररीचा, स्ट्रिंग.एच उचलतो, सगळं सुरळीत कंपाइल होतं आणि चूक थेट लिंकरपाशी, मूळ कारणापासून लांब, उगवते.

यावर खरा उपाय म्हणजे क्रॉस कंपायलर, एका सिस्टिमवर चालून दुसऱ्या सिस्टिमसाठी कोड बनवणारा. एक्स८६_६४-एल्फ किंवा आय६८६-एल्फ या टार्गेटसाठी बांधलेल्या जीसीसीला कुठलीच सी लायब्ररी माहीत नसते, त्यामुळे चुकीचा हेडर सापडण्याचा प्रश्नच येत नाही. जोडीला -एफफ्रीस्टँडिंग हा पर्याय द्या. त्याने कंपायलरला कळतं की इथे पूर्ण सी लायब्ररी नाही.

तरीही काही हेडर हक्काचे मिळतात. सी९९ प्रमाणे ते सात आहेत: फ्लोट.एच, आयएसओ६४६.एच, लिमिट्स.एच, स्टडआर्ग.एच, स्टडबूल.एच, स्टडडेफ.एच आणि स्टडइंट.एच. सी११ ने त्यात स्टडअलाइन.एच आणि स्टडनोरिटर्न.एच यांची भर घातली. यात फंक्शन नाहीत, फक्त टाइप आणि मॅक्रो आहेत, म्हणून लिंक करण्यासारखं काही उरत नाही. हे हेडर कंपायलरच्या स्वतःच्या फोल्डरमध्ये राहतात. जीसीसीचा स्टडइंट.एच एक छोटासा मुखवटा आहे. फ्रीस्टँडिंग असेल तर तो जीसीसीची स्वतःची प्रत वापरतो, नसेल तर पुढे जाऊन लायब्ररीचा स्टडइंट.एच शोधतो. क्रॉस कंपायलर असूनही 'स्टडइंट.एच सापडत नाही' असं आलं, तर बहुतेक वेळा एखाद्या फाइलच्या कंपाइल ओळीत -एफफ्रीस्टँडिंग राहिलेला असतो.

-नोस्टडइन्क हा पर्याय पुष्कळ जण सवयीने जोडतात. तो कंपायलरचे स्वतःचे हेडरही काढून टाकतो, म्हणजे वरचे सगळेच गेले. लिनक्स हा पर्याय वापरतं, पण लिनक्सने आपले टाइप स्वतः लिहिले आहेत आणि २०२१ मध्ये स्टडआर्गची स्वतःची प्रतही आपल्या सोर्सच्या झाडात घेतली. तुमची तेवढी तयारी नसेल तर क्रॉस कंपायलर आणि -एफफ्रीस्टँडिंग एवढं पुरे. -नोस्टडइन्क हवाच असेल, तर जीसीसीला -प्रिंट-फाइल-नेम=इन्क्लूड विचारून मिळालेला पत्ता -आयसिस्टिमने परत जोडा.

एक गोष्ट हेडरमध्ये दिसत नाही, पण माहीत हवी. फ्रीस्टँडिंगमध्येही जीसीसी मेमसीपीवाय, मेममूव्ह, मेमसेट आणि मेमसीएमपी ही चार फंक्शन असल्याचं गृहीत धरतो. तुम्ही ती कुठेही न वापरता मोठं स्ट्रक्चर एकमेकांत नुसतं असाइन केलं, तरी तो मेमसीपीवायला हाक मारू शकतो. ही चार पहिल्याच दिवशी लिहून ठेवा.

पायरी संपवण्याआधी तपासा. क्रॉस कंपायलरला -ई -व्ही -एक्स सी हे पर्याय आणि /डेव्ह/नल ही फाइल द्या. तो शोधाच्या फोल्डरांची यादी छापतो. त्या यादीत यजमान मशीनचं /यूएसआर/इन्क्लूड दिसलं तर पुढे जाऊ नका.

पायरी २: वाचकानुसार फोल्डर

छोट्या कर्नललाही ही चार घरं पुरतात आणि ती वेगळी असावीत:

कर्नल/इन्क्लूड/कर्नल/ : फक्त कर्नलच्या सी फाइलींसाठी
आर्च/एक्स८६/इन्क्लूड/आर्च/ : एका प्रोसेसरपुरतं
यूएपीआय/इन्क्लूड/यूएपीआय/ : कर्नल आणि यूजर प्रोग्रॅम दोघांसाठी
बिल्ड/इन्क्लूड/जनरेटेड/ : बिल्डने स्वतः तयार केलेलं

नावं दोनदा आल्यासारखी वाटतील, पण त्यात हेतू आहे. हेडर कुठे शोधायचे हे सांगणाऱ्या -आय पर्यायाने 'कर्नल/इन्क्लूड' एवढाच पत्ता द्यायचा आणि कोडमध्ये 'कर्नल/पेजिंग.एच' असं पूर्ण नाव लिहायचं. उलट, आतलंच फोल्डर -आयला दिलं तर आपले स्ट्रिंग.एच, टाइम.एच, सिग्नल.एच हे उद्या येणाऱ्या सी लायब्ररीच्या त्याच नावांच्या फाइलींना धडकतात, आणि कोण जिंकणार हे पर्यायांच्या क्रमावर ठरतं. अशी चूक वाचून सापडत नाही.

आर्चच्या बाबतीत कोडमध्ये नेहमी 'आर्च/आयओ.एच' एवढंच लिहायचं. तो एक्स८६चा की आर्मचा, हे मेकफाइलने -आयमधून ठरवायचं. यासाठी सिमलिंक करू नका. टार्गेट बदललं आणि दुवा जुन्याच फोल्डरकडे राहिला, तर अर्धं कर्नल एका प्रोसेसरच्या व्याख्यांनी बनतं.

अवतरण चिन्ह की कोनी कंस? अवतरण चिन्हातलं नाव आधी त्या फाइलच्या स्वतःच्या फोल्डरमध्ये शोधलं जातं, मग -आयच्या यादीत. कोनी कंसातलं थेट यादीत. म्हणून शेजारच्या खासगी हेडरला अवतरण चिन्ह आणि बाकी सगळ्याला कोनी कंस. एवढा नियम पाळला की फाइल दुसऱ्या फोल्डरमध्ये हलवली तरी अर्थ बदलत नाही.

पायरी ३: एक हेडर नीट लिहिणं

प्रत्येक हेडर स्वतःच्या पायावर उभा राहिला पाहिजे. त्याच्या आधी अमुक हेडर लावा, अशी अट नको. हे पाळलं जातंय का, हे पाहायला दोन सोपे उपाय आहेत. पेजिंग.सी मध्ये पेजिंग.एच सर्वात आधी इन्क्लूड करा, म्हणजे त्याला काही कमी पडत असेल तर लगेच कळतं. दुसरं, मेकफाइलमध्ये एक टार्गेट ठेवा जे प्रत्येक हेडर एकटा घेऊन -एफसिंटॅक्स-ओन्लीने तपासतं. शंभर हेडर असले तरी याला फार वेळ लागत नाही.

दोनदा इन्क्लूड होण्यापासून बचावासाठी जुना इफएनडेफ-डिफाइनचा गार्डच बरा. गार्डचं नाव पूर्ण पत्त्यावरून ठेवा, जसं कर्नल_एमएम_पेजिंग_एच. हेडरची नक्कल करून नवीन हेडर बनवताना गार्डचं नाव बदलायचं राहिलं, तर दुसरा हेडर गुपचूप रिकामा होतो आणि तक्रार येते ती 'इम्प्लिसिट डिक्लरेशन'ची. प्रॅग्मा वन्स सुटसुटीत आहे, पण कर्नलच्या बिल्डमध्ये एकच हेडर मूळ जागी आणि सिसरूटमध्ये (यूजर प्रोग्रॅम बांधताना लागणारे हेडर आणि लायब्ररी जिथे ठेवतात ते फोल्डर) अशा दोन प्रतींत राहतो. जीसीसी दोन प्रती एकच आहेत का, हे फाइलची वेळ आणि मजकूर पाहून ठरवतो. कॉपी करताना वेळ बदलली की त्याच्या लेखी त्या दोन वेगळ्या फाइली, आणि 'रीडेफिनिशन'च्या चुकांची रांग लागते.

हेडरमध्ये व्हेरिएबलची व्याख्या नको, फक्त एक्स्टर्न. जीसीसी १० च्या आधी 'इंट टिक्स' असं हेडरमध्ये लिहिलेलं खपून जायचं, कारण लिंकर सगळ्या प्रती एकत्र करायचा. २०२० पासून -एफनो-कॉमन हीच मूळ वागणूक झाली आणि जुन्या कर्नलमध्ये 'मल्टिपल डेफिनिशन'चा पाऊस पडला. छोटी फंक्शन हेडरमध्ये हवी असतील, जसं पोर्टवर एक बाइट लिहिणं, तर स्टॅटिक इनलाइन वापरा. नुसतं इनलाइन लिहिलं तर ऑप्टिमायझेशन बंद असताना 'अनडिफाइन्ड रेफरन्स' मिळू शकतो.

आता चक्रं. शेड्यूलरच्या हेडरला लॉक हवं, लॉकच्या हेडरला चालू थ्रेड हवा. दोघं एकमेकांना इन्क्लूड करतात आणि गार्डमुळे एकाच्या वाट्याला अर्धवट माहिती येते. चूक मात्र तिसऱ्याच फाइलमध्ये दिसते. बहुतेक वेळा नुसतं 'स्ट्रक्ट थ्रेड' एवढं पुढे जाहीर केलं की भागतं, कारण पॉइंटर ठेवायला स्ट्रक्चरच्या आतलं माहीत असण्याची गरज नसते. पॉइंटर नाही, पूर्ण स्ट्रक्चरच आत ठेवायचं असेल, तर हेडर फोडा: स्पिनलॉक_टाइप्स.एच मध्ये फक्त स्ट्रक्चर, स्पिनलॉक.एच मध्ये त्यावरची फंक्शन. लिनक्समध्ये नेमकी हीच जोडी आहे. ही फोड सुरुवातीलाच करावी असं आमचं ठाम मत आहे. नंतर करायला गेलं की पन्नास फाइलींना हात लावावा लागतो.

पायरी ४: प्रोसेसर हा सर्वात कडक वाचक

इंटरप्ट टेबलचा पत्ता प्रोसेसरला देणारं स्ट्रक्चर घ्या. ६४ बिटमध्ये त्यात २ बाइटची मर्यादा आणि ८ बाइटचा पत्ता, एकूण १० बाइट. कंपायलर मात्र पत्त्याच्या अलाइनमेंटसाठी, म्हणजे तो ८ च्या पटीतल्या जागी सुरू व्हावा म्हणून, मध्ये ६ बाइट रिकामे सोडतो आणि स्ट्रक्चर १६ चं होतं. प्रोसेसरला या रिकाम्या जागेशी देणंघेणं नाही. तो पहिल्या दोन बाइटनंतर लगेच पत्ता वाचतो, कचरा उचलतो, आणि पहिल्याच इंटरप्टला ट्रिपल फॉल्ट (चूक हाताळतानाही पुन्हा चूक) होऊन मशीन रीसेट होतं. स्क्रीनवर एक अक्षरही येत नाही.

उपाय दोन, आणि दोन्ही हेडरमध्येच. स्ट्रक्चरला पॅक्ड अॅट्रिब्यूट लावा, आणि लगेच खाली _स्टॅटिक_असर्टने आकार बजावा: हा पॉइंटर १० बाइटचा, टेबलमधली एक नोंद ६४ बिटला १६ ची, ३२ बिटला ८ ची. प्रोसेसर वाचतो त्या प्रत्येक स्ट्रक्चरखाली ही ओळ हवी. उद्या कोणी मध्ये एक फील्ड घातलं तर बिल्डच थांबेल. पॅक्ड मात्र सरसकट लावत सुटू नका. कर्नलच्या आतल्या स्ट्रक्चरना त्याची गरज नसते आणि त्यांच्या फील्डचे पॉइंटर विस्कळित अलाइनमेंटचे होतात.

पायरी ५: असेंब्लीसोबत वाटून घेतलेले हेडर

कॅपिटल एसच्या एक्स्टेंशनची असेंब्ली फाइल प्रीप्रोसेसरमधून जाते, तेव्हा तीही हेडर इन्क्लूड करू शकते. पण असेंबलरला टाइपडेफ कळत नाही. सीचा भाग __असेंब्लर__ हा मॅक्रो नसतानाच दिसेल असा झाकून ठेवा. हा मॅक्रो अशा वेळी जीसीसी स्वतः लावतो. आकड्यांमागची यूएल ही शेपटीही असेंबलरला चालत नाही. लिनक्स त्यासाठी _एसी नावाचा छोटा मॅक्रो वापरतं, जो सीमध्ये शेपटी जोडतो आणि असेंब्लीत गाळतो. तो चार ओळींत स्वतः लिहिता येतो.

खरी अडचण ऑफसेटची. कॉन्टेक्स्ट स्विचच्या असेंब्लीत थ्रेडच्या स्ट्रक्चरमधलं स्टॅक पॉइंटरचं स्थान २४ असं हाताने लिहिलं, आणि महिन्याभराने कोणी त्याच्या वर एक फील्ड घातलं, तर कंपायलर आणि असेंबलर दोघंही गप्प राहतात. म्हणून आकडा हाताने लिहूच नका. एका सी फाइलमध्ये ऑफसेटऑफने ती स्थानं काढा, तिला ऑब्जेक्टऐवजी असेंब्ली मजकुरापर्यंतच कंपाइल करा, आणि खुणेच्या ओळी सेड या मजकूर गाळणाऱ्या साधनाने उचलून जनरेटेड/एएसएम-ऑफसेट्स.एच तयार करा. लिनक्समध्येही हेच होतं. एएसएम-ऑफसेट्स.सी मधून बाणाची खूण असलेल्या ओळी बाहेर पडतात आणि त्यांचा हेडर बनतो. प्रोग्रॅम चालवावा लागत नसल्याने क्रॉस कंपाइल करतानाही ही युक्ती चालते. मेकफाइलमध्ये हा हेडर असेंब्ली फाइलींच्या आधी तयार होईल अशी अट घालायला विसरू नका, नाहीतर समांतर बिल्डमध्ये कधी चालेल, कधी नाही.

पायरी ६: यूजर प्रोग्रॅमना काय दाखवायचं

सिस्टिम कॉलचे क्रमांक, चुकांचे कोड, कॉलमधून जाणारी स्ट्रक्चर, एवढंच यूएपीआय फोल्डरमध्ये. इथला हेडर कर्नल फोल्डरमधलं काहीही इन्क्लूड करणार नाही, हा नियम पहिल्या दिवसापासून हवा. लिनक्समध्ये अनेक वर्षं दोन्ही गोष्टी एकाच हेडरमध्ये __कर्नल__ मॅक्रोच्या आड राहत होत्या. डेव्हिड हॉवेल्स यांनी केलेली फोड २०१२ च्या ३.७ आवृत्तीत आली, तेव्हा कुठे वेगळी यूएपीआय फोल्डरं झाली.

इथले टाइप ठरलेल्या रुंदीचेच हवेत. लाँग नको, पॉइंटर नको. तेवढ्यानेही भागत नाही. ३२ बिटचं एक फील्ड आणि त्यामागे ६४ बिटचं एक, असं स्ट्रक्चर आय३८६ वर १२ बाइटचं होतं आणि एक्स८६_६४ वर १६ चं, कारण अलाइनमेंटचे नियम वेगळे आहेत. ६४ बिटच्या कर्नलवर ३२ बिटचा प्रोग्रॅम चालवला की दोघं वेगळंच वाचतात. रिकामी जागा आपणच 'राखीव' नावाचं फील्ड घालून भरा आणि ते शून्य करा. तसं न करता स्ट्रक्चर यूजरकडे कॉपी केलं, तर मधल्या बाइटमधून कर्नलच्या स्टॅकवरची जुनी माहिती बाहेर जाऊ शकते. हा सुरक्षेचा प्रश्न आहे.

बांधणीचा क्रम असा: आधी यूएपीआय हेडर सिसरूटमध्ये कॉपी, मग सी लायब्ररीचे हेडर, मग लायब्ररी, मग यूजर प्रोग्रॅम. कॉपी करताना फाइलची वेळ जपा, नाहीतर दरवेळी सगळं पुन्हा कंपाइल होईल. सिसरूटमधल्या प्रती फक्त वाचण्यापुरत्या ठेवा. कंपायलर चूक दाखवताना सिसरूटचा पत्ता दाखवतो, माणूस घाईत तीच प्रत सुधारतो, आणि पुढच्या बिल्डला ती पुसली जाते.

पायरी ७: बदल झाला हे मेकला कळवा

हेडर बदलला आणि ज्या फाइली तो वापरतात त्यातल्या काहीच पुन्हा कंपाइल झाल्या, तर एका ऑब्जेक्टला स्ट्रक्चर जुनं दिसतं, दुसऱ्याला नवं. लिंकर हसतमुखाने दोन्ही जोडतो. 'मेक क्लीन केलं की चालतं' अशा तक्रारींमागे बहुधा हेच असतं.

प्रत्येक कंपाइल ओळीत -एमएमडी आणि -एमपी द्या. पहिला प्रत्येक ऑब्जेक्टसोबत डी एक्स्टेंशनची अवलंबनाची फाइल लिहितो, दुसरा प्रत्येक हेडरसाठी रिकामा नियम घालतो, म्हणजे एखादा हेडर काढून टाकला तरी मेक 'नो रूल टू मेक टार्गेट' म्हणून अडत नाही. मेकफाइलच्या शेवटी या सगळ्या डी फाइली उणे चिन्हाच्या इन्क्लूडने ओढा, म्हणजे पहिल्या बिल्डला त्या नसल्या तरी चालेल. -एमएमडी सिस्टिम फोल्डरांतले हेडर गाळतो, आणि -आयसिस्टिमने दिलेलं फोल्डर त्याच्या लेखी सिस्टिमचंच. तुमचे लायब्ररी हेडर त्या वाटेने येत असतील तर -एमडी वापरा.

कॉन्फिगरेशनचा हेडर तर -इन्क्लूड पर्यायाने प्रत्येक फाइलला सक्तीने लावा. तो लावायचा राहिला तर 'इफ कॉन्फिग_एसएमपी' ही अट चूपचाप शून्य होते. -डब्ल्यूअनडेफ ही चेतावणी असा निसटलेला मॅक्रो पकडते. सक्तीच्या हेडरची किंमत म्हणजे एक पर्याय बदलला तरी सगळं कर्नल पुन्हा बांधलं जातं. लिनक्सने यावर फिक्सडेप नावाचं साधन केलं आहे. ते एकत्रित ऑटोकॉन्फ.एच वरचं अवलंबन काढून, फाइलमध्ये खरोखर आलेल्या प्रत्येक कॉन्फिग नावावरचं अवलंबन लिहितं. छोट्या कर्नलला ते नसलं तरी चालतं.

कर्नल वाढलं की -एच पर्यायाने इन्क्लूडचं झाड अधूनमधून छापून पाहा. पुढचे ठिपके खोली सांगतात. हे दुर्लक्षून काय होतं, त्याचं माप लिनक्समध्ये दिसतं: इंगो मोल्नार यांनी जानेवारी २०२२ मध्ये हेडरची गुंतागुंत सोडवण्यासाठी मांडलेली मालिका २,२९७ पॅचची होती, आणि ती एकगठ्ठा मूळ झाडात गेली नाही.

लिनक्ससाठी मॉड्यूल बांधत असाल तर

मॉड्यूल म्हणजे चालू कर्नलला नंतर जोडता येणारा भाग. इथे हेडर तुम्ही लिहीत नाही, अचूक निवडता. डेबियन आणि उबुंटूवर लिनक्स-हेडर्स हे पॅकेज मॉड्यूलसाठी, लिनक्स-लिबसी-डेव्ह हे यूजर प्रोग्रॅमसाठी. फेडोरावर मॉड्यूलसाठी कर्नल-डेव्हेल. कर्नल-हेडर्स नाव सोयीचं वाटलं तरी ते यूजर प्रोग्रॅमसाठी आहे. पुष्कळांचा इथेच पाय घसरतो. पॅकेजची आवृत्ती, चालू कर्नलची आवृत्ती सांगणाऱ्या यूनेम -आरच्या उत्तराशी अक्षरशः जुळली पाहिजे. कर्नल अपडेट करून मशीन रीस्टार्ट केलं नसेल, तर हेडर नव्याचे येतात आणि चालू कर्नल जुनंच असतं. मग /लिब/मॉड्यूल्स मधला बिल्ड हा दुवा सापडत नाही, किंवा मॉड्यूल बनतं पण 'इनव्हॅलिड मॉड्यूल फॉरमॅट' म्हणून नाकारलं जातं.

स्वतःच्या सोर्स झाडावर मॉड्यूल बांधायचं असेल तर मेक मॉड्यूल्स_प्रिपेअर जनरेटेड हेडर तयार करतं, पण मॉड्यूल.सिमव्हर्स ही कर्नलच्या सिम्बॉलची यादी बनवत नाही. मॉडव्हर्शन्स हा सिम्बॉलच्या आवृत्त्या तपासणारा पर्याय चालू असेल तर कर्नलचं पूर्ण बिल्ड एकदा करावंच लागतं. आणि ओ= पर्यायाने दिलेल्या वेगळ्या फोल्डरमध्ये बांधताना झाड स्वच्छ नाही असं सांगून मेक थांबलं, तर मूळ फोल्डरमध्ये जुने जनरेटेड हेडर पडलेले आहेत. डॉट-कॉन्फिग फाइल बाजूला कॉपी करून ठेवा आणि मगच मेक एमआरप्रॉपर चालवा, कारण ते तीही पुसतं.